एक युरो तीस सेंटची बडतर्फी: जर्मन कामगार न्यायालयांच्या तीन पायऱ्या चढलेले एक प्रकरण

पार्श्वभूमी

जर्मनीत पेयाची बाटली विकत घेताना ग्राहक तिच्यासाठी अनामत भरतो. बिअरच्या बाटलीला साधारण ८ सेंट, तर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट असा तिचा दर असतो. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की तेवढ्या रकमेची छापील पावती मिळते आणि ती गल्ल्यावर दिली की रक्कम बिलातून वजा होते. या प्रकरणाच्या मुळाशी अशाच दोन पावत्या आहेत, एक ४८ सेंटची आणि दुसरी ८२ सेंटची.

बर्लिनमधील एका मोठ्या साखळी-सुपरमार्केटच्या शाखेत एक महिला एप्रिल १९७७ पासून विक्रेती आणि कॅशियर म्हणून काम करत होती. दरम्यान मालक बदलले, पण सेवा सलग धरली गेली. १२ जानेवारी २००८ रोजी शाखेत एका सहकाऱ्याला कोणा ग्राहकाच्या हातून पडलेल्या या दोन पावत्या सापडल्या. ग्राहक शोधत आला तर देता याव्यात म्हणून शाखा व्यवस्थापकाने त्या या कॅशियरकडे सोपवल्या आणि कॅश ऑफिसात ठेवायला सांगितले. २२ जानेवारीला तिने स्वतःची खासगी खरेदी करताना त्या सहकारी कॅशियरच्या गल्ल्यावर वटवल्या. कर्मचाऱ्यांनी वटवायच्या पावत्यांवर वरिष्ठांची सही असावी, असा दुकानाचा नियम होता. या पावत्यांवर ती नव्हती.

चौकशीत तिने सांगितले की, पावत्या आपल्या पाकिटात आपल्या एखाद्या लेकीने किंवा सहकारी महिलेने ठेवल्या असाव्यात. कंपनीला हे पटले नाही. कामगारांच्या निर्वाचित मंडळाचे म्हणणे घेणे कायद्याने बंधनकारक असल्याने ते मागवले गेले. मंडळाने तात्काळ बडतर्फीबद्दल शंका नोंदवली आणि नोटीस देऊन सेवा संपवण्याला विरोध केला. तरीही २२ फेब्रुवारी २००८ च्या पत्राने कंपनीने तिला तात्काळ बडतर्फ केले आणि ते टिकले नाही तर ३० सप्टेंबरपासून नोटिशीसह सेवा संपेल, असा पर्यायी निर्णयही त्याच पत्रात कळवला. २००७ च्या अखेरीस किरकोळ विक्री क्षेत्रात झालेल्या संपात तिने भाग घेतला होता आणि बडतर्फीमागे तोच राग असावा, असे तिचे म्हणणे होते.

हे प्रकरण जर्मनीत सर्वांना माहीत आहे आणि त्याचे निवाडे प्रसिद्ध आहेत. तरीही कॅशियरचे आणि कंपनीचे नाव येथे वगळले आहे, कारण या लेखाचा विषय खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च पायरीपर्यंतचा प्रवास कसा घडला हा आहे.

वादाचा मुद्दा

जर्मन नागरी संहितेच्या कलम ६२६ नुसार ‘महत्त्वाचे कारण’ असेल तर नोकरीचा करार कोणत्याही नोटिशीशिवाय संपवता येतो. या कलमाची तपासणी न्यायालये दोन टप्प्यांत करतात. अशा प्रकारचे वर्तन मुळात बडतर्फीचे कारण होऊ शकते का, हे आधी पाहिले जाते. मग त्या विशिष्ट माणसाच्या बाबतीत सर्व परिस्थितीचे तोलन करून नोटीसकाळ संपेपर्यंतही त्याला कामावर ठेवणे मालकाकडून अपेक्षिता येईल का, याचा विचार होतो. पहिल्या टप्प्यावर कॅशियरची बाजू लंगडी होती. मालकाची वस्तू किंवा पैसा थोडाजरी घेतला तरी ते महत्त्वाचे कारण ठरू शकते, ही भूमिका संघीय कामगार न्यायालयाने, म्हणजे जर्मनीतील सर्वोच्च कामगार न्यायालयाने, १९८४ साली केकच्या एका तुकड्याच्या प्रकरणात स्पष्ट केली होती आणि पुढे ती कायम ठेवली होती. त्यामुळे खरा वाद दुसऱ्या टप्प्याचा होता. तीस वर्षांहून अधिक सेवेच्या पारड्यासमोर एक युरो तीस सेंट आणि त्यामागचा विश्वासभंग यांचे वजन किती धरायचे, हे कोणत्या न्यायालयाने, कोणत्या माहितीवर आणि किती मोकळीक घेऊन ठरवायचे?

समोरचे पर्याय

तात्काळ बडतर्फीखेरीज कंपनीपुढे आणखी तीन मार्ग होते. लेखी ताकीद देता आली असती, गल्ल्यावरून हलवून दुसरे काम देता आले असते किंवा नोटीस देऊन सेवा संपवता आली असती. कंपनीने तात्काळ बडतर्फीचा सर्वांत कडक मार्ग आधी धरला आणि नोटिशीचा त्याहून सौम्य मार्ग पर्याय म्हणून मागे ठेवला. जर्मन व्यवहारात ही पद्धत रूढ आहे.

कॅशियरसाठी मुदत हा पहिला निर्णयबिंदू होता. बडतर्फीचे पत्र हाती पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल झाला नाही, तर पत्रात कितीही दोष असले तरी बडतर्फी वैध मानली जाते. खर्चाचे गणितही वेगळे आहे. कामगार न्यायालयाच्या पहिल्या पायरीवर जिंकणाऱ्यालाही आपल्या वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही, मात्र तेथे वकील नेमण्याची सक्तीही नाही. दाव्याचे मूल्य १.३० युरो धरले जात नाही. नोकरी राहते की जाते हा वाद असल्याने शुल्कासाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार धरला जातो. याहून महत्त्वाची गोष्ट अपिलाची आहे. इतर अनेक वादांत अपिलासाठी ठरावीक रकमेची अट असते, पण नोकरीच्या अस्तित्वाच्या वादात रक्कम न पाहता अपिलाचा हक्क मिळतो. हा हक्क नसता तर हे प्रकरण पहिल्याच पायरीवर संपले असते.

दोन्ही बाजूंपुढे आणखी एक मार्ग तडजोडीचा होता. जर्मनीत बडतर्फीच्या दाव्याची सुरुवात सामंजस्याच्या बैठकीने होते. न्यायाधीश एकटे बसून दोन्ही बाजूंना निकालाचा अंदाज देतात आणि बरेच दावे तेथेच काही रक्कम घेऊन मिटतात. या प्रकरणात तसे झाले नाही. कॅशियरला नोकरी परत हवी होती आणि कंपनीला गल्ल्यावरच्या शिस्तीत अपवाद नको होता.

पहिल्या दोन पायऱ्या

बर्लिनच्या कामगार न्यायालयाने २१ ऑगस्ट २००८ रोजी दावा फेटाळला. खंडपीठात एक व्यावसायिक न्यायाधीश आणि दोन मानद न्यायाधीश असतात. मानद न्यायाधीशांपैकी एक मालकांच्या बाजूने सुचवलेला आणि दुसरा कामगारांच्या बाजूने सुचवलेला असतो. दोघांनाही मताचा पूर्ण अधिकार असतो. मराठी वाचकाने हे लक्षात ठेवावे, कारण जर्मन कामगार न्यायालय कामाच्या जागेपासून तुटलेले आहे, असा आक्षेप त्याच्यावर सहज घेता येत नाही.

पहिल्या निकालावरील अपिलाला जर्मनीत ‘बेरूफुंग’ म्हणतात. निकालाची प्रत मिळाल्यापासून एका महिन्यात ते दाखल करायचे आणि दोन महिन्यांत त्याची कारणे लेखी द्यायची. येथून पुढे वकील किंवा कामगार संघटनेचा अधिकृत प्रतिनिधी लागतो. या पायरीवर वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासता येतात, म्हणजे ज्याला काही सिद्ध करायचे आहे त्याची ही शेवटची संधी असते. २४ फेब्रुवारी २००९ रोजी बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या राज्य कामगार न्यायालयाने अपीलही फेटाळले.

या निकालातील दोन गोष्टींनी पुढचे सगळे ठरले. एक म्हणजे, कॅशियरने आपल्या नसलेल्या पावत्या जाणूनबुजून वटवल्या, हे न्यायालयाने वस्तुस्थिती म्हणून निश्चित केले. वरची कोणतीही पायरी आता हा प्रश्न नव्याने उघडणार नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे, तोलन करताना न्यायालयाने खटल्यातील तिच्या वागण्याचाही आधार घेतला. ती वेगवेगळे आणि परस्परविरोधी खुलासे देत राहिली, सहकाऱ्यांकडे बोट दाखवत राहिली आणि त्यामुळे विश्वास पुन्हा बसणे शक्य नाही, असा तो विचार होता. शिवाय, तिसऱ्या पायरीवर जाण्याची परवानगी राज्य न्यायालयाने दिली नाही.

निकालानंतर जर्मनीत मोठा संताप उसळला. बुंडेस्टागचे, म्हणजे जर्मन संसदेचे, तत्कालीन उपाध्यक्ष वोल्फगांग थिर्से यांनी निवाड्यावर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली आणि वृत्तपत्रांतून बँकांतील कोट्यवधींचे नुकसान आणि सव्वा युरोची चोरी यांची तुलना होऊ लागली. हा राग समजण्याजोगा होता. पण या चर्चेत रक्कमच पुढे राहिली आणि निवाड्याचा कच्चा दुवा, म्हणजे खटल्यातील वर्तनाला दिलेले वजन, लोकांच्या नजरेआड राहिला. तिच्या वकिलांनी मात्र तो नेमका हेरला.

बंद दारावरची तक्रार

तिसऱ्या पायरीवरील अपिलाला ‘रेव्हिजिओन’ म्हणतात. तेथे फक्त कायद्याच्या प्रश्नावर दाद मागता येते. भारतीय वाचकाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालील दुसरे अपील आठवेल, आणि त्या मर्यादेपुरते ते साम्य योग्यही आहे. हे अपील आपोआप उपलब्ध नसते. राज्य न्यायालयाने निकालातच परवानगी द्यावी लागते आणि ती नाकारली तर परवानगी नाकारल्याविरुद्ध एरफुर्टच्या संघीय कामगार न्यायालयाकडे स्वतंत्र तक्रार करता येते. तिची मुदतही एक महिना दाखल करण्याची आणि दोन महिने कारणे देण्याची आहे.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत कठीण निर्णय येथे होता. निकाल चुकीचा किंवा अन्यायकारक आहे किंवा सेवेला पुरेसे वजन दिले नाही, असे या तक्रारीत कितीही पोटतिडकीने लिहिले तरी उपयोग होत नाही, कारण तक्रारीचे आधार कायद्याने मोजकेच ठेवले आहेत. मूलभूत महत्त्वाचा आणि निकालासाठी निर्णायक असा कायद्याचा प्रश्न असला पाहिजे, किंवा वरच्या वा समकक्ष न्यायालयाने मांडलेल्या तत्त्वापासून खालचे न्यायालय दूर गेलेले असले पाहिजे, किंवा सुनावणीच्या हक्काचा भंग अशासारखा गंभीर प्रक्रियादोष असला पाहिजे. बहुतेक तक्रारी या चाळणीत अडकतात. मनातील अन्यायाची भावना बाजूला ठेवून आपल्या निकालातून सर्व प्रकरणांना लागू होईल असा एकच प्रश्न वेगळा काढणे, हे काम वकिलाच्या खऱ्या कौशल्याचे असते.

येथे काढलेला प्रश्न असा होता: बडतर्फीनंतर खटल्यात कामगार कसा वागला, हे तोलनात निर्णायक घटक म्हणून धरता येते का? यात पावत्या आणि रक्कम कोठेच नाहीत, आणि तरीही उत्तर ‘नाही’ असे आले तर राज्य न्यायालयाच्या तोलनातील एक मोठा दगड निघून जातो. २८ जुलै २००९ रोजी संघीय कामगार न्यायालयाने हा प्रश्न मूलभूत महत्त्वाचा मानून रेव्हिजिओनची परवानगी दिली.

एरफुर्टचा निकाल

१० जून २०१० रोजी बडतर्फीची प्रकरणे पाहणाऱ्या दुसऱ्या पीठाने निकाल दिला. या पीठात तीन व्यावसायिक आणि दोन मानद न्यायाधीश बसतात. न्यायालयाने कॅशियरला दोषमुक्त केले, असा समज नंतर पसरला आणि तो चूक आहे. तिचा करारभंग गंभीर आहे, तो कॅशियरच्या कामाच्या गाभ्यालाच लागतो आणि लहान लहान नुकसानांची बेरीज किरकोळ विक्रीच्या व्यवसायाला मोठा फटका देऊ शकते, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. पावत्या जाणूनबुजून वटवल्या, ही खालच्या न्यायालयाने ठरवलेली वस्तुस्थितीही बंधनकारक धरली गेली. १९८४ ची भूमिका कायम राहिली.

बदल झाला तो तोलनात. बडतर्फी वैध आहे की नाही हे ती हाती पडली त्या क्षणाच्या परिस्थितीवरून ठरते. त्यानंतरच्या घटना फक्त आधीच्या वर्तनावर काही नवा प्रकाश टाकत असतील तरच विचारात घेता येतात. खटल्यातील तिचा बचाव कदाचित अनाठायी आणि परस्परविरोधी होता, पण त्यावरून ती कामात अविश्वासू आहे असा निष्कर्ष निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे वजन काढल्यावर उरले ते असे: तीन दशकांची, कायद्याच्या दृष्टीने दखल घ्यावी असा अडथळा नसलेली सेवा, त्या काळात साठलेला विश्वास, तुलनेने किरकोळ नुकसान आणि अनेक अर्थांनी असाधारण, एकदाच घडलेला प्रसंग. सही नसलेल्या पावत्या तिने सहकाऱ्याच्या डोळ्यांदेखत गल्ल्यावर दिल्या होत्या, लपूनछपून काही केले नव्हते, हेही न्यायालयाने पाहिले. अशा वेळी लेखी ताकीद हा सौम्य उपाय पुरेसा होता.

येथे आणखी एक निर्णयबिंदू आहे. तोलन हे मुख्यतः वस्तुस्थिती पाहणाऱ्या न्यायालयाचे काम मानले जाते आणि वरचे न्यायालय सर्व महत्त्वाचे घटक पाहिले गेले का, तर्कात विसंगती आहे का, एवढेच साधारणपणे तपासते. चूक सापडली तर प्रकरण परत पाठवणे हा नेहमीचा मार्ग असतो. या पीठाने ते परत पाठवले नाही. आवश्यक वस्तुस्थिती पूर्णपणे निश्चित झालेली असल्याने स्वतःच अंतिम निकाल देण्याचा अधिकार त्याने वापरला. प्रकरण परत गेले असते तर बडतर्फीला सव्वादोन वर्षे उलटून गेलेली असताना आणखी एक फेरी सुरू झाली असती.

निष्पत्ती

तात्काळ बडतर्फी आणि पर्यायी सेवासमाप्ती दोन्ही रद्द झाल्या. नोकरी कधी संपलीच नव्हती असे मानले गेले, त्यामुळे मधल्या काळातील पगाराचा हक्कही उभा राहिला. कॅशियर त्याच कंपनीच्या बर्लिनमधील दुसऱ्या शाखेत कामावर परतली. बुंडेस्टागमध्ये विरोधी पक्षांनी किरकोळ रकमेवरून होणाऱ्या बडतर्फीवर मर्यादा घालणारे प्रस्ताव आणले, पण कलम ६२६ चा मजकूर बदलला नाही. बदलली ती न्यायालयांची तोलनाची पद्धत. त्यानंतर दीर्घ, निष्कलंक सेवा हा खालच्या न्यायालयांच्या निकालांत स्वतंत्रपणे लिहिला जाणारा मुद्दा झाला.

हाच प्रसंग शेजारच्या जर्मनभाषक देशांत घडला असता तर मार्ग वेगळा झाला असता. स्वित्झर्लंडमध्ये तात्काळ बडतर्फी अन्याय्य ठरली तरी नोकरी परत मिळत नाही. नोटीसकाळाचा पगार आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई मिळते, शिवाय लोझानच्या संघीय न्यायालयात जायला कामगारविषयक वादात सर्वसाधारणपणे १५,००० फ्रँकची मर्यादा ओलांडावी लागते. ऑस्ट्रियात पहिली पायरी प्रांतिक न्यायालयाची असते, व्हिएन्नात त्यासाठी वेगळे कामगार व सामाजिक न्यायालय आहे. अपील चार उच्च प्रांतिक न्यायालयांपैकी एकाकडे जाते, आणि व्हिएन्नाचे सर्वोच्च न्यायालय केवळ महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नासाठीच पुढची दाद ऐकते. तिन्ही देशांत वर जाताना प्रश्न अरुंद होत जातो, पण जिंकल्यावर हाती काय पडते यात मोठा फरक आहे आणि दावा लावण्याआधी तोच फरक समजून घ्यायला हवा.

वेगळे काय करता आले असते

कंपनीच्या बाजूने पाहता कागदावर लेखी ताकीद देणे स्वस्त होते आणि त्याच प्रकारची चूक पुन्हा घडली असती तर पुढची बडतर्फी भक्कम ठरली असती. एखाद्या नियमाचा भंग झाला की विश्वास संपला, असे मानून घेण्याची सवय मोठ्या आस्थापनांत असते. एरफुर्टने हा विश्वास वर्षानुवर्षे साठणारी गोष्ट मानली आणि एका घटनेने तो पूर्ण नाहीसा होतो का, याचे उत्तर मालकाला द्यायला लावले.

कॅशियरच्या बाजूने, पहिल्या चौकशीपूर्वीच निर्वाचित मंडळाच्या सदस्याला सोबत घेऊन जे आठवते ते एकदाच आणि सरळ सांगणे अधिक सुरक्षित झाले असते. शेवटी न्यायालयाने तिच्या बदलत्या खुलाशांचे वजन काढून टाकले, पण त्या खुलाशांमुळेच मधल्या न्यायालयात तिची बाजू अडचणीत आली होती. वस्तुस्थितीबाबतचा निष्कर्ष तिच्याविरुद्ध पक्का झाला तोही त्याच पायरीवर. रेव्हिजिओनमध्ये जिंकूनही ‘पावत्या तिने जाणूनबुजून वटवल्या’ हे वाक्य कायम राहिले. ज्याला आपली वस्तुस्थिती वेगळी होती असे म्हणायचे आहे, त्याने सगळी ताकद बेरूफुंगपर्यंत लावली पाहिजे. त्यानंतर ते दार उघडत नाही.

राज्य न्यायालयाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. तोलन चुकले, हे मी त्याच्यावर ठेवत नाही, कारण तोलनात दोन प्रामाणिक न्यायालयांचे मत वेगळे होऊ शकते. पण खटल्यातील वर्तनाला वजन देताना आपण एक असा प्रश्न सोडवत आहोत, ज्यावर वरून स्पष्ट उत्तर आलेले नाही आणि जो हजारो बडतर्फीच्या दाव्यांत उद्भवेल, हे त्या न्यायालयाला दिसायला हवे होते. कायद्याने त्यासाठी सोपी तजवीज केलेली आहे. निकालाच्या शेवटी ‘रेव्हिजिओनला परवानगी आहे’ हे एक वाक्य लिहिता आले असते. ते लिहिले असते तर न्यायालयाचे स्वतःचे मत तसूभरही कमकुवत झाले नसते, आणि बडतर्फ झालेल्या महिलेला फेब्रुवारी ते जुलै २००९ हे पाच महिने केवळ आपले म्हणणे ऐकले जावे की नाही, यासाठी झगडावे लागले नसते.